डाव्या दाराचा खटका

मार्सडेन
३ मार्च १९८६

प्रिय नॉर्मन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू शेगडीत टाकलं नसशील, या भरवशावर लिहिते आहे. तीन वर्षांत नाताळची कार्डं सोडली तर आपल्यात एक ओळ गेली नाही. कार्डांवरही तू नुसतं नाव लिहितोस. टपालखात्याला तेवढ्यासाठी कशाला दमवतोस, मला कळत नाही.

काम आहे म्हणून लिहिते आहे, उगीच गोड बोलत नाही. शेडमधली टिटवी आठवते ना? खोक्यांतून सुटी सुटी आलेली, तू नि माझ्या हेडलीने, दोघा भावांनी, पाच उन्हाळे घालून जोडलेली, दोनच माणसांची गाडी. ती अजून तिथेच आहे. इंजिन चालतं, दिवे लागतात, ब्रेक लागतात. फक्त दारं बंद होत नाहीत. चोवीस मेला तिची सरकारी तपासणी आहे आणि दार धड लागत नसलेली गाडी तिथला माणूस रस्त्यावर सोडणार नाही.

माझ्या बाजूचं दार लावलं की खटका एकदा वाजतो, पण चौकटीवरचं रबर दाराला पुन्हा बाहेर ढकलतं. आपटलं तरी तेच. दुसऱ्या दाराचं नंतर सांगेन, त्याची तऱ्हाच वेगळी आहे. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं होतं. तो म्हणाला, "बाई, हिच्यात कोंबड्या पाळा."

तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी तुमचं काय झालं ते मला ठाऊक आहे. चहाचा ट्रे घेऊन मी शेडच्या दारातच उभी होते. खटका ज्या खुंटीला धरतो तिच्याखाली दोन चकत्या घालायच्या की तीन, यावरून तुमचा खटका उडाला. तू दोन म्हणत होतास, तो तीन. मग हेडली म्हणाला, "ही दारं बंद झाली की याच गाडीतून तुझ्या दारात येईन. तोवर तुझं तोंड बघणार नाही." तू कोट उचललास आणि निघालास. तीन कप चहा मी एकटीने प्यायले.

तर खटका कसा जुळवायचा ते मला लिहून कळव. बोटं चालतात माझी अजून. गिरणीत बत्तीस वर्षं कापडातल्या गाठी या बोटांनीच शोधल्या. हेडलीला यातलं काही माहीत नाही. तुझ्याकडे टेलिफोन नाही आणि आमच्याकडचा त्याच्या खुर्चीशेजारी आहे, म्हणून पत्रच लिही. पाकिटावर 'चॅपलच्या केक विक्रीबाबत' असं लिही, म्हणजे तो उघडणार नाही.

तुझी वहिनी,
मेव्हिस


स्टेथ्स
११ मार्च

मेव्हिस पोरी,

केक विक्रीबाबत.

हेडलीला स्वतः लिहायला हात नाहीत का? बायकोच्या आडून विचारतोय. त्याला म्हणावं, दोन चकत्या. तेव्हाही दोन, आजही दोन.

पण तू विचारलंस म्हणून सांगतो. नीट वाच, आणि मी सांगतो त्याच क्रमाने कर.

आधी दाराच्या चौकटीवरचं रबर काढून ठेव. रबर लावून खटका जुळवायला बसलीस तर कोण खोटं बोलतंय, रबर की खटका, ते कधीच कळणार नाही. मग बिजागऱ्या बघ. दार हाताने उचलून पाहा, खुळखुळलं तर आधी त्या आवळ. त्यानंतर खटका. दारात जो जबडा आहे तो खांबावरच्या खुंटीला धरतो. खुंटीला तुझी लिपस्टिक लाव आणि दार हळूच टेकव. जबड्यावर रंग कुठे लागला ते पाहा. मधोमध लागला पाहिजे.

आणि ऐक. खटक्याच्या खटा दोन असतात. पहिली खट म्हणजे दार नुसतं अडकलं. दुसरी खट म्हणजे लागलं. पहिली ठेवलेली असते ती चुकून दार उघडलंच तर माणूस रस्त्यावर पडू नये म्हणून. एका खटीवर समाधान मानून निघालेला माणूस पहिल्याच वळणावर दारासकट बाहेर लोंबतो. तपासणीवाला दोन्ही खटा ऐकतो.

तुझ्या बाजूच्या खांबातली, खुंटी जिच्यावर बसते ती लोखंडी पट्टी आम्ही पाव इंच वर बसवली होती. चूक माझी होती, हेडलीला सांगू नकोस. म्हणून त्या बाजूची खुंटी पाव इंच खाली घे. ती घेतल्याशिवाय काही होणार नाही.

तुझ्या दाराला आता खटका कुठला लावलाय? सहज विचारतो.

नॉर्मन

ता.क. तो बरा आहे ना? हेही सहजच.


मार्सडेन
६ एप्रिल

नॉर्मन,

तुझ्या त्या पाव इंचाचं वाटोळं होवो.

तू लिहिलंस तसंच्या तसं केलं. रबर काढलं, बिजागऱ्या आवळल्या, खुंटी पाव इंच खाली घेतली, लिपस्टिक लावली. ती लिपस्टिक मी आमच्या लेकीच्या, शर्लीच्या लग्नात एकदाच लावली होती. आणि दार टेकवलं तर खुंटी जबड्यात जायचं सोडून थेट दाराच्या कडेवर आदळली. नखाएवढा टवका उडाला. आधी निदान एक खट वाजत होती, आता तीही गेली. हेडलीने दोन महिने घासून घासून गुळगुळीत केलेली ती कड आहे. मी टवका खिशात घातला आणि शेडमधल्या बादलीवर बसून रडले. वय एकोणसाठ, आणि रडू कशाचं तर दाराच्या टवक्याचं.

मग डोळे पुसले आणि खुंटी होती तिथे परत बसवली. ती खट पुन्हा वाजायला लागली आहे. पण सात आठवडेच उरलेत, नॉर्मन. आठवून नीट सांग. स्टिअरिंगच्या बाजूच्या खांबात, म्हणजे माझ्या बाजूच्या, ती पट्टी खरंच वर बसली होती का? मला तर ती सरळ दिसते.

रूबार्बचा जॅम सोबत पाठवते आहे. रागावले आहे म्हणून पाठवायचा नाही असं नाही.

मेव्हिस


स्टेथ्स
९ एप्रिल

मेव्हिस,

स्टिअरिंग उजवीकडे आहे. तू लग्न झाल्यापासून डावीकडे बसतेस. मोटारसायकलचा साइडकारही डावीकडेच होता. तू 'माझी बाजू' लिहिलंस, म्हणून मी डाव्या दाराचं सांगितलं. वर बसलेली पट्टी डावीकडची आहे.

तुझी बाजू उजवी कधीपासून झाली?

हेडलीला काय झालंय? केकबिकचं काही लिहू नकोस. सरळ लिही.

नॉर्मन


मार्सडेन
१३ एप्रिल

प्रिय नॉर्मन,

पकडलंस. आज रविवार, तो जेवून झोपलाय, तेवढ्यात लिहिते.

नोव्हेंबरच्या सातव्या तारखेला सकाळी दाढी करताना त्याला झटका आला. उजवं अंग गेलं. आता पाय थोडा परत आलाय, काठी घेऊन खिडकीपर्यंत जातो. उजवा हात आलेला नाही. बोलणं तुटक येतं. सोपे सोपे शब्द सापडत नाहीत, शिव्या मात्र एकही विसरलेला नाही. मिठाची बाटली हवी असली तर आधी तीन शिव्या येतात आणि मग बोट.

तुला कळवायचं नाही, असं त्याने मला बजावलं होतं. म्हणजे तुझं नाव घेऊन मान हलवली होती. डॉक्टर म्हणतात, प्रकृती सुधारेल, पण माणसाला उठायला काहीतरी कारण लागतं. तो दिवसभर खिडकीत बसतो. शेडकडे पाठ करून बसतो, नॉर्मन. नोव्हेंबरपासून त्याने शेडमध्ये पाऊल टाकलेलं नाही.

म्हणून मी गाडी चालवायला शिकले. मागच्या गल्लीतल्या खाटकाने त्याच्या व्हॅनवर शिकवलं. परीक्षेत दोनदा नापास झाले. पहिल्यांदा मेंढी आडवी आली, दुसऱ्यांदा मेंढी नव्हती तरी थांबले. तिसऱ्यांदा पास झाले. तेव्हापासून उजवी बाजू माझी आहे. तुला लिहिताना ते उघडं पडेल हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आता 'मी येतो' असं लिहू नकोस. मला तू हवा आहेस. खूप हवा आहेस. दोघांनी मिळून त्याला हसवलं असतं. पण तू इथे येऊन उभा राहिलास तर तो समजेल की आता आपल्याकडून काही होणार नाही म्हणून सगळे भेटायला यायला लागले. टिटवीतून तुझ्या दारात येईन असं तो म्हणाला होता. त्याच्याजवळ पाळण्यासारखा तेवढाच एक शब्द उरलाय. तो मला त्याच्याकडून पाळून घ्यायचा आहे.

आता दाराचं. उजवं मी जुळवीन. डाव्याचं ऐक. तू विचारलं होतंस ना, खटका कुठला म्हणून? काल डोळे मिटून बोटांनी दोन्ही चाचपून पाहिले. उजव्याच्या जबड्याचं तोंड जसं आहे तसं डाव्याचं नाही. आतली तार ज्या दांड्याला अडकते तो दांडा उजव्या दारात वर बघतो, डाव्यात खाली. तार वाकवून वाकवून कशीबशी पोचवली आहे. स्क्रूची जुनी भोकं बुजवून नवी पाडली आहेत. दुसरी खट तर वाजतच नाही. हेडलीसारखा माणूस असं काम करेल का? हा काय प्रकार आहे?

मेव्हिस


स्टेथ्स
१७ एप्रिल

मेव्हिस पोरी,

येत नाही. तुझं पत्र चार वेळा वाचलं, बोट उतरवायच्या घाटावर जाऊन पाचव्यांदा वाचलं. 'लिहायला हात नाहीत का' असं मी लिहिलं होतं. त्या वाक्याची मला लाज वाटते. ते कागदावरून कापून काढता आलं असतं तर काढलं असतं.

प्रकार काय आहे तो सांगतो. डाव्या दाराला उजव्या दाराचा खटका उलटा करून लावलाय. भंगारात त्याला एक उजवाच मिळाला असणार, तो त्याने पालथा घातला. उलटा खटका पहिल्या खटीपर्यंत जातो, पुढे त्याची स्प्रिंग ताण धरत नाही. हेडलीला हे माझ्याहून चांगलं कळतं. तरी त्याने लावला.

कारण खरा डावा खटका माझ्याकडे आहे.

त्या दिवशी भांडताना तो माझ्या हातात होता. हात नाचवत बोलत होतो, मग कोट घातला, खटका खिशात गेला. हडर्सफील्डच्या फलाटावर तिकिटासाठी खिशात हात घातला तेव्हा हाताला लागला. परत यायला तीस मिनिटंही लागली नसती. माझी गाडी सुटत होती, असं मी गेली तीन वर्षं स्वतःला सांगतोय. गाडी सुटत नव्हती. दीड तास होता. मी बाकावर बसून राहिलो. म्हटलं, लागेल तेव्हा मागेल.

त्याने मागितला नाही. उलटा खटका लावला, पण मागितला नाही. मी पाठवला नाही. आमच्या आईने दोन गाढवं जन्माला घातली आणि तिसरं मूल नको म्हटलं, ते उगीच नाही.

खटका वेगळ्या पार्सलने येतोय. मोज्यात गुंडाळला आहे, मोजा धुतलेला आहे. दर नाताळाला खटक्याला तेल देत आलोय. सोबत चकत्या आहेत, दोन जाड, एक पातळ. आता ते पाव इंच खाली घे. डावीकडे.

किती चकत्या घालायच्या ते सांगत नाही. हेडलीला विचार.

नॉर्मन


मार्सडेन
२६ मे

प्रिय नॉर्मन,

महिनाभर लिहिलं नाही म्हणून घाबरला असशील. तुझं कार्ड मिळालं, बोंबील माशासारखा चेहरा करून टपालाची वाट बघू नकोस. सगळं क्रमाने सांगते.

पार्सल आलं तेव्हा मी चॅपलमध्ये होते, या वेळी खरंच केक विकत होते. परत आले तर हेडली खुर्चीत बसलेला. गुडघ्यावर मोजा, मोज्यावर खटका. सुतळी दातांनी तोडली होती. डाव्या अंगठ्याने तो जबडा मिटत होता आणि सोडत होता. खट, खट. सोड. खट, खट. सोड. आता हा फेकणार आणि खिडकी जाणार, असंच वाटलं.

मी म्हटलं, "मीच मागितला त्याच्याकडून. काय बोलायचं ते मला बोल."

तो कितीतरी वेळ शब्द शोधत होता. मग म्हणाला, "तेल."

"काय तेल?"

"देत... होता. गाढव." आणि हसला. अर्धाच चेहरा हसतो त्याचा आता, पण तेवढा मला पुरला. मग काठी मागितली आणि म्हणाला, "शेड."

अंगण ओलांडायला आम्हाला वीस मिनिटं लागली. शेजारची मिसेस ऑल्ड्रॉइड कुंपणावरून म्हणाली, "मदत हवी का?" हेडलीने तिला जे उत्तर दिलं ते मी लिहीत नाही. त्यानंतर आम्ही रोज जायला लागलो. मी पाय वर करून गाडीत उताणी, तो बादलीवर, डाव्या हातात बॅटरी. मी चुकले की बॅटरी विझवायचा. हीच त्याची भाषा.

उजवं दार पहिल्या आठवड्यात जमलं. टवक्यावर त्याने मला लेप लावायला शिकवलं, आता शोधूनही सापडणार नाही. डावं मात्र हट्टाला पेटलं. जुनी भोकं मोकळी केली, तुझा खटका बसवला, तार सरळ केली, खुंटी खाली घेतली. लिपस्टिक संपली. हेडली म्हणाला, "तीन." तीन घातल्या, तर रबर लावल्यावर दार दोन खटा देईना. मी म्हटलं, नॉर्मन दोन म्हणतो. दोन घातल्या, तर खटा दोन वाजल्या, पण दार लागल्यावरही हलत होतं, आणि दारात धरलेला कागद ओढला की सुटत होता.

मग मी ती पातळ चकती घेतली आणि कानशीने आणखी पातळ केली. दोन जाड आणि वर अर्धी. नॉर्मन, अडीच. तीन वर्षं तुम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नाहीत ते ज्याच्यावरून, त्याचं उत्तर अडीच होतं. दोघेही चूक. हे मी खाटकाला, डॉक्टरांना आणि चॅपलच्या सगळ्या बायकांना सांगितलं आहे. थडग्याच्या दगडावरही कोरून घेणार आहे.

अडीचवर हेडलीने स्वतः दार लावलं. आपटलं नाही, बोटांनी लोटलं. पहिली खट. दुसरी खट. कागद ओढून पाहिला, फाटला पण सुटला नाही. मग म्हणाला, "वाईट नाही." चाळीस वर्षांत त्याने हे फक्त शर्ली जन्मली तेव्हा म्हटलं होतं.

परवा तपासणी झाली. त्या माणसाने एकेक दार सहा वेळा लावलं, आतून उघडलं, बाहेरून उघडलं. म्हणाला, "खटके कुणी जुळवले?" हेडलीने काठीने माझ्याकडे दाखवलं. कागद मिळाला. परत येताना मी गाडी थांबवून रडले, पण या वेळचं रडू चांगलं होतं.

आता आम्ही तुझ्याकडे येणार. पण मी तारीख लिहीत नाही. हेडली म्हणतो, ते पत्र तो लिहिणार. डाव्या हाताने. स्वयंपाकघरातलं टेबल त्यासाठी अडवून बसलाय, मला भाजी मांडीवर चिरावी लागते.

मेव्हिस


मार्सडेन
१० जून

नॉर्मन

अक्षर असंच. वाच.

बावीस जून. रविवार. दुपारी. मेव्हिस चालवते. वाईट नाही.

खटका पोचला. मी मागायला हवा होता.

मी डावीकडे बसतो. दार माझ्या डाव्या हाताला. चांगल्या हाताला. ते मला उघडता येतं. माझं मला.

गाडी थांबली की धावू नकोस. दार धरू नकोस. मी उघडीन. वेळ लागेल. उभा राहा.

बाहेर आलो की मग तू ये. दार तू लाव.

दोन खटा ऐक.

हेडली